पहिली तपासणी दोघांची

लग्नाला वर्ष उलटले, नवरा-बायको एकत्र राहतात, गोळ्या किंवा निरोध वापरत नाहीत आणि तरीही दिवस राहिले नाहीत, तर डॉक्टरी व्याख्येप्रमाणे तपासणीची वेळ झालेली असते. बाईचे वय पस्तिशीपुढे असेल तर वर्षभर थांबायचे नाही, सहा महिन्यांतच जायचे. चाळिशी आली असेल तर लगेच. पाळी दोन-दोन, तीन-तीन महिने येतच नसेल, पूर्वी पोटाचा क्षयरोग झाला असेल, पुरुषाला वयात आल्यावर गालगुंडाबरोबर अंडकोशाला सूज आली असेल किंवा लहानपणी अंडकोश खाली आणण्याची शस्त्रक्रिया झाली असेल, तर महिने मोजत बसण्याचे कारण नाही. जागतिक आरोग्य संघटनेने २०२३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अहवालानुसार जगात साधारण सहापैकी एका प्रौढ माणसाला आयुष्यात कधी ना कधी या अडचणीला तोंड द्यावे लागते. इतक्या सर्रास आढळणाऱ्या गोष्टीला कोणाचे पाप किंवा कोणाचा पायगुण चिकटवणे हा त्या जोडप्यावर उघड अन्याय आहे.

व्याख्येतले ‘एकत्र राहतात’ हे शब्द अफजलपूर तालुक्यात फार महत्त्वाचे ठरतात. भीमेच्या काठचा हा तालुका कलबुर्गी जिल्ह्याच्या पश्चिम टोकाला, सोलापूर जिल्ह्याला लागून आहे. तूर आणि ऊस ही इथली पिके. पण शेतीवर सगळ्यांचे भागत नाही म्हणून अनेक तरुण पुण्या-मुंबईला कामाला जातात आणि सणाला, जत्रेला, सुगीला गावी येतात. अशा घरात लग्नाला चार वर्षे झाली असली तरी नवरा-बायको प्रत्यक्ष एकत्र राहिल्याचे महिने जेमतेम आठ-दहा भरतात. गर्भ राहण्याची शक्यता पाळीच्या चक्रात बीज सुटण्याआधीचे चार-पाच दिवस आणि सुटण्याचा दिवस एवढ्या काळातच असते. ते दिवस हुकले तर महिना फुकट जातो. म्हणून डॉक्टरांनी पहिल्या भेटीत ‘लग्नाला किती वर्षे झाली’ विचारले, तर त्याबरोबर एकत्र किती राहिलो तेही न विचारता सांगावे. कधीकधी एवढ्यावरच सल्ला निघतो: सहा महिने एकाच ठिकाणी राहा, मग बघू.

टेस्ट ट्यूब बेबीसारख्या (आयव्हीएफ) उपचारांसाठी अफजलपूरकरांना एक तर कलबुर्गीला जावे लागते, नाही तर अक्कलकोटमार्गे सोलापूरला. अफजलपूर तालुक्यातच दत्ताचे गाणगापूर आहे. भीमा-अमरजेच्या संगमावर मूल मागायला येणारी जोडपी कर्नाटक, महाराष्ट्र, आंध्र अशा सगळीकडून येतात. गुरुचरित्रात साठ वर्षांच्या वांझ स्त्रीला अश्वत्थाच्या सेवेने संतती झाल्याची कथा आहे आणि ती या भागात घरोघरी ठाऊक आहे. सेवा करणाऱ्यांना कोणताही समजूतदार डॉक्टर अडवत नाही. अडचण येते ती सेवेचा संकल्प पुरा होईपर्यंत तपासणी पुढे ढकलली की. कारण मुलगी जन्मते तेव्हा तिच्या बीजकोशांत दहा ते वीस लाख बीजे असतात, वयात येईपर्यंत तीन-चार लाख उरतात आणि पुढे हा साठा घटतच राहतो. पस्तिशीनंतर त्यांची संख्या आणि प्रत दोन्ही वेगाने खाली येतात. नवीन बीज तयार होत नाही. तिशीतली दोन-तीन वर्षे वाट पाहण्यात गेली, तर ती कोणत्याही औषधाने परत आणता येत नाहीत. संगमावरचे स्नान आणि सोलापूरची तपासणी एकाच महिन्यात होऊ शकते.

या तपासणीला बहुतेक वेळा सासू सुनेला घेऊन येते. नवरा कामावर असतो, किंवा बाहेर पानटपरीवर थांबलेला असतो. वंध्यत्वाच्या उपचारात सर्वांत जास्त पैसा, वेळ आणि बाईच्या अंगाचे हाल इथेच वाया जातात. मूल न होण्याची कारणे ढोबळमानाने एक तृतीयांश जोडप्यांत बाईकडे, एक तृतीयांश जोडप्यांत पुरुषाकडे आणि उरलेल्यांत दोघांकडे असतात किंवा सापडतच नाहीत. असे असूनही बाईच्या सोनोग्राफ्या, रक्ततपासण्या, नळ्यांचा एक्स-रे सगळे होऊन जाते आणि वीर्यतपासणी, जी सर्वांत स्वस्त, सर्वांत बिनत्रासाची आणि एका दिवसात निकाल देणारी आहे, ती सर्वांत शेवटी होते. काही घरांत ती होतच नाही. ‘आमच्याकडे असला दोष नाही’ या एका वाक्यावर सुनेचे तीन-चार वर्षांचे औषधपाणी चालते. पहिल्या भेटीचा नियम म्हणूनच एकच ठेवावा: दोघांनी जायचे, दोघांची माहिती द्यायची आणि दोघांची तपासणी एकाच वेळी सुरू करायची.

वीर्यतपासणीविषयी पुरुषांच्या मनात जी धास्ती असते, ती बरीचशी माहिती नसल्यामुळे असते. दोन ते सात दिवस संबंध आणि हस्तमैथुन दोन्ही टाळून मग नमुना द्यायचा असतो; एका दिवसाचाही चालत नाही आणि पंधरा दिवस साठवलेलाही नको. रुंद तोंडाची निर्जंतुक बाटली केंद्रातून मिळते, तिच्यावर नाव, वेळ आणि किती दिवस संयम पाळला ते लिहिलेले असते. नमुना पूर्ण बाटलीत पडायला हवा. सुरुवातीच्या थेंबांत शुक्राणू सर्वांत जास्त असतात, त्यामुळे पहिला भाग सांडला असेल तर लाज न बाळगता सांगावे, नाही तर संख्या खोटीच कमी दिसते. बाजारातले साधे निरोध वापरून नमुना आणू नये, त्यातल्या द्रव्यांनी शुक्राणू मरतात. घरी नमुना काढला तर तो अंगाच्या उबेला धरून तासाभरात प्रयोगशाळेत पोहोचवावा लागतो. अफजलपुराहून सोलापूर किंवा कलबुर्गी गाठायला त्याहून जास्त वेळ लागतो, तेव्हा नमुना केंद्रातच द्यावा हे बरे. तिथल्या खोलीत, बाहेर माणसे बसलेली असताना, अनेकांना ते जमत नाही. हे फार नेहमीचे आहे. केंद्रातल्या माणसांना सांगितले तर दुसरी वेळ देतात, बायकोला सोबत आत जाऊ देतात किंवा औषध न लावलेला खास निरोध देतात.

नमुना अर्ध्या तासात पातळ होतो, मग सूक्ष्मदर्शकाखाली तपासला जातो. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२१ च्या मार्गदर्शिकेत खालच्या मर्यादा दिल्या आहेत: वीर्याचे प्रमाण १.४ मिलीलिटर, एका मिलीलिटरमध्ये १ कोटी ६० लाख शुक्राणू, हालचाल करणारे ४२ टक्के, नीट घडणीचे ४ टक्के. घडणीचा चार हा आकडा पाहून पुष्कळ जण हबकतात. पण हे आकडे ज्यांच्या बायकांना वर्षाच्या आत दिवस राहिले अशाच पुरुषांवरून काढले आहेत. त्यांतल्या शेवटच्या पाच टक्क्यांची ती रेघ आहे. म्हणजे रेघेखाली असूनही बाप झालेले लोक आहेत. शुक्राणू तयार व्हायला साधारण ७० ते ७५ दिवस लागतात, त्यामुळे दोन महिन्यांपूर्वी आलेला जोराचा तापही आजचा अहवाल बिघडवू शकतो. एका खराब अहवालावर शिक्का मारायचा नसतो. काही आठवडे ते तीन महिन्यांनी तपासणी पुन्हा करायची असते. मधल्या काळात तंबाखू, गुटखा आणि मावा सोडणे, दारू आवरणे, तुरीवर फवारणी करताना तोंड-हात झाकणे आणि फवारणीनंतर लगेच आंघोळ करून कपडे बदलणे एवढे तरी करता येते. शरीर कमावण्यासाठी टेस्टोस्टेरॉनची इंजेक्शने घेणाऱ्या तरुणांनी हे डॉक्टरांना आवर्जून सांगावे, कारण या इंजेक्शनांनी शुक्राणू बनणेच थांबते. अहवालात शुक्राणू ‘निल’ आले तरी वाट संपत नाही. कधी नळीत अडथळा असतो, कधी संप्रेरकांची कमतरता असते आणि कधी सुईने अंडकोशातूनच शुक्राणू काढता येतात.

पहिल्या भेटीत डॉक्टर जे विचारतात, त्यापुढे तपासण्या दुय्यम असतात. पाळी किती दिवसांनी येते, पोटात किती दुखते, पूर्वी गर्भ राहून पडला का, घरात कोणाला क्षयरोग होता का, थायरॉइड किंवा साखर आहे का, संबंधाच्या वेळी त्रास होतो का. शेवटचा प्रश्न सासूसमोर विचारला तर उत्तर मिळत नाही. तेव्हा थोडा वेळ नवरा-बायकोशी वेगळे बोलावे अशी मागणी जोडप्यानेही करावी. कित्येक जोडप्यांत संबंधच नीट झालेला नसतो आणि मधल्या वर्षांत बीज वाढवायच्या गोळ्या मात्र चालू असतात. आणखी एक प्रश्न या भागात हमखास येतो: लग्न नात्यातले आहे का? उत्तर कर्नाटकात मामा-भाचीचे आणि आते-मामे भावंडांचे लग्न जुन्या चालीचे आहे. त्यामुळे मूल होत नाही असे नाही. पण दोघांत एकाच दोषाचा छुपा अंश असण्याची शक्यता वाढते आणि तसे असेल तर प्रत्येक गर्भाला तो आजार होण्याची शक्यता चारात एक असते. थॅलेसेमियाची रक्तचाचणी म्हणून उपचाराआधीच करून घ्यावी.

जाताना जुने सगळे कागद तारखेप्रमाणे लावून न्यावेत: सोनोग्राफी, एक्स-रेची फिल्म, शस्त्रक्रियेचा कागद, आधी दिलेल्या गोळ्यांची चिठ्ठी. चिठ्ठी नसेल तर रिकामी पाकिटे न्यावीत. पाळीच्या गेल्या सहा तारखा कॅलेंडरवर लिहिलेल्या असल्या की डॉक्टरांचे अर्धे काम होते.

बाईच्या तपासण्यांचा गाभा तीन गोष्टींत असतो: बीज तयार होते का, नळ्या उघड्या आहेत का, गर्भपिशवी ठीक आहे का. सोनोग्राफी योनीमार्गे केली जाते, कारण पोटावरून इतके स्पष्ट दिसत नाही. रक्तातून थायरॉइड, प्रोलॅक्टिन, साखर, एचआयव्ही आणि कावीळ तपासतात. एएमएच नावाची चाचणी हल्ली सरसकट करतात. ती बीजांचा साठा सुचवते, इंजेक्शनांना बीजकोश किती साथ देतील त्याचा अंदाज देते. आपोआप दिवस राहतील की नाही हे ती सांगू शकत नाही. तिशीच्या आतल्या, पाळी नियमित असलेल्या मुलीला केवळ एएमएच कमी दाखवून ‘लगेच आयव्हीएफ करा, नाही तर उशीर होईल’ असे कोणी म्हणाले, तर दुसऱ्या डॉक्टरांचे मत घ्यावेच.

नळ्यांसाठी एचएसजी हा एक्स-रे असतो. पाळी संपल्यावर, बीज सुटण्याआधी, साधारण सहाव्या ते दहाव्या दिवसादरम्यान तो करतात. गर्भाशयाच्या तोंडातून औषध सोडले की ते नळ्यांतून पोटात सांडताना फिल्मवर दिसते. पाळीच्या वेळच्या कळा येतात तसे काही मिनिटे दुखते. आधी वेदनाशामक घेतले की सुसह्य होते. नळ्या बंद होण्यामागे भारतात क्षयरोग हे मोठे कारण आहे आणि हा जननमार्गाचा क्षयरोग बहुतेकदा खोकला-ताप काही न दाखवता आतून नुकसान करतो. मात्र क्षयजंतूंचा अंश शोधणाऱ्या केवळ एका पीसीआर चाचणीवर सहा महिन्यांची क्षयाची औषधे सुरू करायची असतील, तर आणखी कोणता पुरावा आहे हे विचारावे. ‘पिशवी धुऊन घेतली की दिवस राहतात’ हा समज तर सोडूनच द्यावा. क्युरेटिंगने वंध्यत्व बरे होत नाही. वारंवार केले तर पिशवीच्या आत चिकटून जाऊन नवीच अडचण उभी राहते.

अहवाल हातात आले की उपचार ठरतो, आणि तो कारणावरून ठरायला हवा. पीसीओएस या संप्रेरकांच्या विकारामुळे बीज सुटत नसेल तर आधी वजन पाच ते दहा टक्के उतरवणे आणि पाळीच्या सुरुवातीला पाच दिवस लेट्रोझोलच्या गोळ्या, हा पहिला मार्ग. सोबत बीज वाढले आणि फुटले का ते पाहायला दोन-तीन सोनोग्राफ्या लागतात. त्यासाठी दर वेळी सोलापूर गाठण्याची गरज नसते. जवळच सोनोग्राफी करून मोजमापे डॉक्टरांना फोनवर कळवली तर भाडे आणि रोजगार दोन्ही वाचतात. अशी सोय आहे का हे पहिल्याच भेटीत विचारून घ्यावे. थायरॉइड, प्रोलॅक्टिन यांवर औषधे पुरतात. पिशवीतला पडदा किंवा कोंब दुर्बिणीने काढता येतो.

शुक्राणू थोडे कमी असतील, किंवा कारणच सापडत नसेल, आणि निदान एक नळी उघडी असेल, तर आययूआय सुचवतात. नवऱ्याचे वीर्य धुऊन, त्यातले चपळ शुक्राणू बारीक नळीने पिशवीत सोडायचे एवढीच ती प्रक्रिया. भूल लागत नाही, त्याच दिवशी घरी जाता येते. एका वेळेस यश साधारण १० ते १५ टक्के. तीन-चार वेळा करून पाहावे. दहा-दहा आययूआय केलेल्या बायका या भागात भेटतात. त्यात वय मात्र निघून जाते. दोन्ही नळ्या बंद असतील तर आययूआयचा काहीच उपयोग नाही, तरीही तो केलेला आढळतो. कारण नळ्या तपासलेल्याच नसतात.

दोन्ही नळ्या बंद, शुक्राणू अगदीच कमी, वय जास्त किंवा आधीचे उपाय हरलेले, अशा वेळी आयव्हीएफ म्हणजे टेस्ट ट्यूब बेबी. १९७८ च्या जुलैत इंग्लंडमध्ये जगातले पहिले असे मूल जन्मले आणि त्याच वर्षी ३ ऑक्टोबरला कोलकात्यात डॉ. सुभाष मुखोपाध्याय यांच्या प्रयत्नांतून दुसरे. सरकारी समितीने त्यांचे काम खोटे ठरवले. १९८१ मध्ये त्यांनी जीवन संपवले आणि न्याय मिळाला तो मरणानंतर. मुंबईच्या केईएम या महापालिकेच्या रुग्णालयात डॉ. इंदिरा हिंदुजा यांच्या हातून ६ ऑगस्ट १९८६ रोजी असे मूल जन्माला आले. देशातली शास्त्रीय नोंदींसह झालेली ही पहिली यशस्वी घटना सर्वसामान्यांच्या रुग्णालयात घडली; आज मात्र हा उपचार बहुतांशी खासगी केंद्रांत आहे, ही खेदाची गोष्ट आहे.

प्रत्यक्षात दहा-बारा दिवस रोज इंजेक्शने, मधूनमधून सोनोग्राफी, शेवटी बीज पिकवणारे एक इंजेक्शन आणि त्यानंतर ३४ ते ३६ तासांनी हलक्या भुलीत सुईने बीजे काढणे असा क्रम असतो. प्रयोगशाळेत शुक्राणूंशी मीलन घडवून तीन ते पाच दिवसांचा गर्भ पिशवीत सोडतात आणि दोन आठवड्यांनी रक्ततपासणी होते. शुक्राणू फारच कमी असतील तर एकेक शुक्राणू सुईने बीजात घालतात, त्याला इक्सी म्हणतात. वीर्य चांगले असताना इक्सीने जास्तीचा फायदा होत नाही. गर्भ सोडल्यावर बाईने पंधरा दिवस अंथरुणाला खिळून राहण्याचीही गरज नाही, त्याने यश वाढत नाही. एका वेळी दोन-तीन गर्भ सोडले तर जुळी-तिळी होऊ शकतात, आणि त्यात अपुऱ्या दिवसांची बाळंतपणे व आईला धोका वाढतो. शक्य तिथे एकच गर्भ सोडावा. इंजेक्शनांनंतर पोट टम्म फुगले, उलट्या, धाप, लघवी कमी अशी लक्षणे आली तर ती बीजकोश अति उत्तेजित झाल्याची खूण असू शकते. रात्रीबेरात्री अफजलपुराहून कोणत्या रुग्णालयात जायचे हे आधीच ठरवून ठेवावे.

यशाचा आकडा ऐकताना सावध असावे. ब्रिटनच्या नियामक संस्थेने २०१९ चे जे आकडे दिले, त्यांत स्वतःची बीजे वापरणाऱ्या पस्तिशीखालच्या बायकांत सोडलेल्या प्रत्येक गर्भामागे मूल जन्मण्याचे प्रमाण ३२ टक्के होते आणि ४३ व पुढच्या वयात ते ५ टक्क्यांखाली. म्हणजे तरुण वयातही पहिल्या खेपेला न होणे हेच अधिक वेळा घडते. ‘आमच्याकडे सत्तर टक्के’ असे फलकावर असेल, तर ते कोणत्या वयाचे, केवळ चाचणी सकारात्मक आल्याचे की मूल घरी नेल्याचे, आणि त्यात बाहेरची बीजे किती, हे विचारावे. खासगी केंद्रात एका खेपेचा खर्च औषधांसह साधारण एक ते अडीच लाख येतो. आयुष्मान भारत योजनेत वंध्यत्वाचे उपचार बसत नाहीत. गोव्यात बांबोळीच्या गोवा वैद्यकीय महाविद्यालयाने २०२३ पासून ही सोय मोफत सुरू केली. असे केंद्र प्रत्येक सरकारी वैद्यकीय महाविद्यालयात का असू नये, हा प्रश्न कलबुर्गी आणि सोलापूर दोन्हीकडच्या लोकांनी विचारण्यासारखा आहे. तोवर दागिने मोडण्याआधी किंवा शेत गहाण टाकण्याआधी जोडप्याने किती खेपा आणि किती रक्कम ही मर्यादा आपसांत ठरवावी. शिवाय पिशवीच्या अस्तराला मुद्दाम ओरखडे काढण्यासारखे जे जोडउपचार सुचवले जातात, त्यांनी फायदा होतो याचा पुरावा दाखवायला सांगावा.

२०२१ चा सहायक प्रजनन तंत्रज्ञान कायदा जानेवारी २०२२ पासून लागू आहे. केंद्राची नोंदणी असणे बंधनकारक आहे. नोंदणीचे प्रमाणपत्र पाहायला मागावे. हा उपचार २१ ते ५० वयाच्या स्त्रीला आणि २१ ते ५५ वयाच्या पुरुषाला घेता येतो. दोघांची लेखी संमती लागते. कागद इंग्रजीत असला तर मराठीत किंवा कन्नडमध्ये वाचून घेतल्याशिवाय सही करू नये. मुलगा की मुलगी हे निवडून देण्याची बोली करणाऱ्या केंद्रातून सरळ उठून यावे, तो गुन्हा आहे. बीज दुसऱ्या स्त्रीचे घ्यायचे झाल्यास ती २३ ते ३५ वयाची असावी लागते आणि आयुष्यात एकदाच बीज देऊ शकते. जन्मलेले मूल कायद्याने जोडप्याचेच असते. सरोगसी, म्हणजे दुसऱ्या स्त्रीच्या पोटी आपले मूल वाढवणे, पैसे देऊन करता येत नाही. बीज किंवा वीर्य दुसऱ्याचे वापरण्याचा निर्णय नवरा-बायको दोघांनी आधी पुरता बोलून घ्यावा. घरच्यांच्या घाईने नव्हे, आणि एकाला अंधारात ठेवून तर मुळीच नव्हे.

उपचार न घेणे किंवा एका टप्प्यावर थांबवणे हाही पर्याय डॉक्टरांनी पहिल्या भेटीत मांडायला हवा. दत्तक घ्यायचे असेल तर केंद्र सरकारच्या कारा संस्थेच्या संकेतस्थळावर नोंदणी होते. जोडप्याच्या लग्नाला दोन वर्षे झालेली असावीत, आणि दोन वर्षांपर्यंतचे मूल हवे असेल तर २०२२ च्या नियमांनुसार दोघांच्या वयांची बेरीज ८५ च्या आत असावी लागते. चार-पाच आयव्हीएफ करून मग दत्तकाकडे वळणाऱ्यांची ही बेरीज कधी ओलांडली जाते ते त्यांना कळतही नाही. शिवाय मूल मिळेपर्यंत काही वर्षे थांबावे लागते. रुग्णालयातून, ओळखीतून कायदेशीर प्रक्रिया न करता परस्पर मूल घेणे बेकायदा आहे आणि पुढे ते मूल हिरावले जाण्याची भीती राहते.